खोली चौदाचे वर्णन

स्लाइड नऊ. मातीत अर्धी रुतलेली कवटी. डाव्या कानशिलावर बोटभर लांब भेग. भेगेच्या कडा धारदार.

घरी टीव्ही चालू आहे. आई टीव्हीसमोर बसली आहे. आईचं तोंड खिडकीकडे आहे.

‘आजचा अकराचा तास होणार नाही.’ हे कागदावर पेनाने लिहिलं आहे. कागदाचा फोटो काढला आहे. फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आहे.

निळी प्लास्टिकची खुर्ची वर जाते. खाली येते. वर जाते.

स्लाइड दहा. तीच कवटी, धुतलेली. शेजारी मापाची पट्टी.

पांढरी काठी, चार घड्यांची. तिसरी घडी वाकली आहे.

“हे सगळं तुम्ही टाइप केलं, निरुपमाबेन? आ बधुं?” कॅमेऱ्यांचं काम बघणारा हार्दिक तिच्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीनवरचं वाचत होता.

“यादीत आलं. केलं.”

“खुर्ची किती वेळा, ते पण मोजलं तुम्ही?”

“नऊ.”

हार्दिकने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता परत बंद केली.

करजणच्या रस्त्यावर, जिथे दहा वर्षांपूर्वी कपाशी होती, तिथे हे खाजगी विद्यापीठ उभं आहे. त्याच्या ई-अभ्यासक्रम कक्षात निरुपमा घोरपडे कंत्राटावर होती. दर जूनला कागद नवा व्हायचा. काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक वर्गाच्या छताला कॅमेरा. तो वेळापत्रकाप्रमाणे आपोआप सुरू व्हायचा, पन्नास मिनिटांनी आपोआप बंद. दुपारपर्यंत रेकॉर्डिंग निरुपमाच्या यादीत येई. फळ्यावर, पडद्यावर, टेबलावर जे जे डोळ्यांना दिसतं ते ती शब्दांत लिही. मग तिने बटण दाबलं की यंत्र ते आवाजात वाचे आणि त्या अभ्यासक्रमाच्या सगळ्यांच्या फोनवर पाठवून देई. पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमात दोनशे बारा जण होते. वर्णनाखाली यंत्र एक आकडा दाखवत असे: ऐकलं, एक.

तो एक म्हणजे लक्ष्मण महाजन. दुसरं वर्ष. जन्मापासून दिसत नाही. वडील खानदेशातून येऊन करजणच्या कारखान्यात लागलेले.

नियम निरुपमाने स्वतःच लिहून भिंतीला लावले होते. दिसतं ते लिहा. वाटतं ते लिहू नका. शिक्षकांनी नाव घेतलं असेल तरच नाव लिहा. कवटीच्या भेगेखाली तिने एकदा लिहिलं होतं, ‘म्हणजे हा माणूस घावानेच मेला.’ लगेच खोडलंही होतं. ते सर सांगतील.

हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. साखरेने आईचे डोळे नेले, त्यानंतर अकरा वर्षं संध्याकाळच्या मालिका तिनेच आईला सांगितल्या. कोण आलं, कुठली साडी, कुणाच्या हातात काय. एकदा मालिकेतल्या नवऱ्याने बायकोला मारायला सुरुवात केली. आईचं ब्लडप्रेशर वाढलेलं, म्हणून निरुपमा म्हणाली, “काही नाही, बोलतायत दोघं.”

आईने, इंदिराबाईंनी, हात उचलला आणि आवाजाच्या दिशेने मारला. नेम चुकला नाही. निरुपमाच्या कानात संध्याकाळभर शिट्टी वाजत राहिली.

“मारतोय तो तिला,” आई म्हणाली. “मला ऐकू येतं. तू काय सांगतेस बोलतायत म्हणून?”

तेव्हा निरुपमा पस्तीस वर्षांची होती.

*

११:०२ पहिल्या बाकावर एक विद्यार्थी येऊन बसतो. काठीची घडी करून मांडीवर ठेवतो. वर्गात दुसरं कोणी नाही.

११:०३ दार उघडतं. चार मुलं आत येतात. त्यांचे बूट त्यांच्या हातात आहेत. पांढऱ्या शर्टातला उंच मुलगा ओठांवर बोट ठेवतो.

११:०३ पहिल्या बाकावरचा विद्यार्थी मान दाराकडे वळवतो. काहीतरी विचारतो.

११:०४ निळी प्लास्टिकची खुर्ची वर जाते. खाली येते. (नऊ वेळा.) चौथ्या वेळी खुर्चीचा पाय तुटतो. विद्यार्थी बाकावरून फरशीवर येतो. दोन्ही हातांनी डोकं झाकतो. एक मुलगा त्याचे हात धरून बाजूला करतो.

११:०६ मोज्यातल्या पायांनी लाथा. पोटात, पाठीत. मोजता येत नाहीत. विद्यार्थ्याच्या डाव्या कानातून रक्त.

११:०७ उंच मुलगा काठी उचलतो. गुडघ्यावर धरून वाकवतो. काठी मोडत नाही. पुन्हा वाकवतो.

११:०८ मुलं दारात बूट घालतात. एकाला नाडी बांधायला वेळ लागतो. बाकीचे त्याच्यासाठी थांबतात.

११:०९ ते ११:५० विद्यार्थी फरशीवर. पंखा चालू आहे. कोणी येत नाही. रेकॉर्डिंग संपतं.

*

हे लिहिताना तिच्या कानाला हेडफोन होते. पाच मिनिटं चार जणांनी एका मुलाला मारलं आणि त्यांच्यातल्या एकाचाही शब्द निघाला नाही. आवाज एकाचाच. आधी, “सर? तास आहे ना?” नंतर, “कोण आहे? अरे बोला ना, कोण आहे?” नंतर नुसताच.

उंच मुलगा उत्कर्ष होता, हे निरुपमाला पहिल्याच क्षणी कळलं. त्याचे वडील विद्यापीठाच्या विश्वस्तांत होते. कक्षाच्या उद्घाटनाची फीत त्यांनीच कापली होती आणि कात्री ताटात धरून निरुपमाच उभी होती.

शनिवारी सकाळी अभ्यासक्रमाचे प्रमुख प्रतापसिंहराव स्वतः कक्षात आले. एरवी ते फोन करत.

“हार्दिक, खोली चौदाचं शुक्रवारचं रेकॉर्डिंग काढून टाक.”

“सर, बॅकअप मांथी पण?”

“सगळीकडून.” मग ते निरुपमाकडे वळले. आवाज खाली आला. “हे बघा निरुपमाबाई, मुलांची भांडणं. वाढवायची नसतात. तुम्ही काही लिहून ठेवलं असेल तर तेही काढा. बुधवारी समिती बसेल. त्या दिवशी कॅमेरा बंद होता, एवढंच सही करून द्यायचं आहे तुम्हा दोघांना. जूनचा कागद माझ्याच टेबलावर येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“हो सर,” निरुपमा म्हणाली आणि खिडकी बंद केली. स्क्रीनवरची. पुसलं काहीच नाही.

ते गेल्यावर हार्दिक म्हणाला, “डिलीट थई गयुं, बेन. मला सांगितलं, मी केलं. घरी दोन पोरं आहेत माझ्या.”

“मी काही म्हटलं का तुला?”

“म्हणा ना मग काहीतरी.”

तिला दुसरंच काहीतरी दिसत होतं. चार मुलांनी मारलं ते का मारलं, हे त्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नव्हतं, आणि तिला ते माहीत होतं.

या सत्रात गटाने प्रकल्प करायचा होता. शेवटी प्रत्येकाने गटातल्या इतरांबद्दल फॉर्म भरायचा, कुणी किती काम केलं याचा. नावाशिवाय. उत्तरं गटातल्या सगळ्यांना दिसणार होती, म्हणजे आपल्याबद्दल काय मत आहे ते कळावं. लक्ष्मणला असा फॉर्म भरायला नेहमी लेखनिक लागे, आणि लेखनिकासमोर खरं बोलता येत नाही, अशी त्याची तक्रार. म्हणून निरुपमाने त्याच्यासाठी वेगळा फॉर्म केला. प्रश्न ऐकायचा, उत्तर बोलायचं. दोन रविवार बसून केला. सगळ्यांना दाखवला. प्रतापसिंहरावांनी विद्यापीठाच्या पत्रिकेत त्यावर चार ओळी लिहिल्या.

गुरुवारी उत्तरं गटाला दिसली. चार उत्तरं टाइप केलेली, निनावी. पाचव्या उत्तरावरही नाव नव्हतं. फक्त ते दाबलं की लक्ष्मणचा आवाज म्हणत होता, “उत्कर्षने एकही पान लिहिलं नाही. तो एकदाही आला नाही. शून्य.”

शुक्रवारी सर रजेवर होते, आणि तास नसल्याची सूचना उत्कर्षनेच कागदाच्या फोटोत ग्रुपवर टाकली. लक्ष्मणचा फोन अक्षरं वाचून दाखवतो. फोटोतली वाचत नाही.

*

रविवारी ती सयाजीगंजच्या बाजूच्या दवाखान्यात गेली. लक्ष्मण उजव्या कुशीवर झोपला होता. डाव्या कानात कापसाचा बोळा, गुलाबी झालेला. खालचा ओठ टाके घालून शिवलेला. पाठीवरचा सदरा वर गेला होता आणि तिथे खुर्चीच्या कडेचे वळ होते, एकाखाली एक, वहीतल्या ओळींसारखे. ती उजव्या बाजूला जायला निघाली, तर तो दचकून भिंतीकडे सरकला.

“मी रे. निरुपमाताई.”

“इकडून आलात होय.” तो श्वास सोडत म्हणाला. “मला वाटलं तिकडून. आता एकाच कानाने येतं ना, तर कोण कुठून बोलतं ते नाही समजत. नर्सबेनला सकाळी गुड मॉर्निंग म्हटलं, ते भिंतीला.”

तो हसायला गेला आणि टाक्यांनी थांबला.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“पडदा फाटला. आतलं पण गेलं म्हणे. रस्ता कसा क्रॉस करणार, ते काही सांगितलं नाही त्यांनी.” मग त्याने विचारलं, “ताई, किती जण होते?”

“चार.”

“मला सहा वाटले. आवाज का नाही केला कोणी? मी किती विचारलं.”

“तू आवाजावरून ओळखशील म्हणून.”

“बूट पण नव्हते.”

“हातात होते.”

त्याने मान हलवली, गणित सुटल्यासारखी. “मारलं ते मारलं, पण का, तेच नाही समजत. मी कुणाचं काय केलं? फॉर्ममध्ये बोललो, पण त्यावर तर नाव नव्हतं.”

निरुपमाने पलंगाची लोखंडी दांडी धरली. दोघं बोलतायत, म्हणावं का?

“नाव नव्हतं,” ती म्हणाली. “पण आवाज तुझा होता, लक्ष्मण. बाकीच्यांनी टाइप केलं होतं. मला सुचलंच नाही. तुझ्यासाठी सोपं होईल, एवढंच डोक्यात होतं.”

बाजूच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचे नातेवाईक डबा उघडत होते, वरणाचा वास सुटला होता.

“म्हणजे उत्कर्ष,” लक्ष्मण म्हणाला.

निरुपमाने त्याचा वर गेलेला सदरा पाठीवरून हळूच खाली ओढला.

“तुम्ही वर्णन लिहिलं असेल ना? नाव आहे त्यात?”

“नियम नाही. उंच मुलगा, पांढरा शर्ट, असं लिहिलंय.”

“पांढरा.” त्याने तो शब्द तोंडात धरून पाहिला. “ताई, पांढरा घेऊन मी काय करू?”

*

बुधवारी समितीच्या खोलीत थंडगार एसी होता. तीन माणसं, एक लांब टेबल, मध्ये प्रतापसिंहराव. सहीचा कागद तयार होता. हार्दिकची सही आधीच झालेली, वळणदार, घाईची.

“बसा निरुपमाबाई. चहा?”

“नको सर.”

“प्रश्न सोपा आहे. त्या मुलाला मारणारे कोण, ते सांगता येत नाही. साहजिक आहे. साक्षीदार नाही. आणि कॅमेरा बंद.” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं.

“कॅमेरा चालू होता,” निरुपमा म्हणाली.

“रेकॉर्डिंग आहे?”

“नाही. तुम्ही शनिवारी काढायला लावलंत.”

बाकीचे दोघं टेबलाकडे पाहू लागले. प्रतापसिंहरावांचा चेहरा हलला नाही. “बाई, तुम्ही काय म्हणताय त्याचा पुरावा लागतो.”

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. लगेच बाकीच्या दोघांपैकी एकाचा. बाहेरच्या व्हरांड्यात, जिथे मुलं तासासाठी उभी होती, तिथूनही एकामागून एक फोन वाजल्याचे आवाज आले, पत्र्यावर खडे पडावेत तसे. आत येण्याआधी तिने बटण दाबलं होतं आणि दोनशे बारा जणांपर्यंत पोचायला यंत्राला नेहमी सहा-सात मिनिटं लागत.

प्रतापसिंहरावांनी फोन उचलला. वाचता वाचता त्यांचा अंगठा कुठेतरी लागला आणि यंत्राचा बाईसारखा सपाट आवाज खोलीत बोलू लागला.

“खोली चौदा. शुक्रवार. अकरा वाजून दोन मिनिटे. लक्ष्मण महाजन पहिल्या बाकावर येऊन बसतो. अकरा वाजून तीन मिनिटे. उत्कर्ष आणि त्याचे तीन मित्र आत येतात. त्यांचे बूट त्यांच्या हातात आहेत.”

त्यांना तो बंद करता येईना. खुर्ची वर गेली, खाली आली, नऊ वेळा, तेव्हा कुठे बंद झाला.

“हे काय आहे?”

“वर्णन आहे, सर. खाली शेवटी फॉर्मचंही लिहिलंय. चूक माझी होती, ते. माझ्या नावाने.”

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?”

“नियम मोडला,” निरुपमा म्हणाली. पेन तिने कागदावरून उचलून बाजूला ठेवलं, घरंगळू नये म्हणून आडवं.

ती कक्षात पोचेपर्यंत तिचा पासवर्ड बंद झाला होता. हार्दिकने आपली खुर्ची न बोलता बाजूला घेतली आणि तिला स्वतःच्या स्क्रीनपुढे जागा करून दिली. वर्णनाखालचा आकडा बदलत होता. ऐकलं, सतरा. ऐकलं, साठ. एकशे तीस झाले तेव्हा तिने टेबलाच्या खणातून चष्म्याचं घर, कुंकवाची डबी आणि आईचा फोटो घेतला. भिंतीवरचा नियमांचा कागद तसाच राहू दिला. दाराशी तिने सवयीने कार्ड लावलं. दिवा लाल झाला, आणि पहारेकऱ्याला उठून हाताने दार उघडावं लागलं.

फॉर्ममध्ये शेवटचा एक प्रश्न होता, या अभ्यासक्रमात तुम्हाला सर्वांत जास्त काय आवडलं. मारहाणीच्या आधीच्या सोमवारी लक्ष्मणने त्याचं उत्तर दिलं होतं: वर्गाला दोन खिडक्या आहेत, हे वर्णनातून कळलं.