जाळीची सुलट बाजू

गाडीच्या नाकाला जाळी बसवणं दिसतं तितकं सोपं नाही. बंपर उतरवायचा, भोकाचं माप पुठ्ठ्यावर घ्यायचं, त्या पुठ्ठ्याबरहुकूम जाळी कापायची, कडेला रबराची पट्टी लावून मागून आवळायची. जाळीवाले काका तीस वर्षं हेच करत होते. त्यांच्या हाताचं नाव होतं. डोळ्यांचं कोणी विचारत नव्हतं आणि काका सांगत नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं तर आपल्याला स्टुलावर बसवून ठेवतील, ही भीती त्यांना मरणापेक्षा मोठी वाटे.

जाळीला सुलट-उलट असते. तिच्या काड्या खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या असतात. सुलट बसवली तर उभ्या माणसाला नुसती जाळी दिसते, उलटी बसवली तर आतला सगळा पसारा. काका ते बोटाने ओळखत: वरून खाली गुळगुळीत, खालून वर खरखरीत.

या वेळी गिऱ्हाईक दातांचा डॉक्टर होता आणि त्याला काळी जाळी हवी होती. जाळीच्या पत्र्यावर रंगाचा जाड थर होता, बोटाला काही कळेना. डावा तुकडा कापून झाल्यावर उजव्यासाठी पुठ्ठा उलटायचा असतो. काकांनी पुठ्ठा तसाच ठेवून कापलं आणि बसवताना तो तुकडाच उलटला. थोरली लेक दुकानात असती तर बंपर चढवायचं काम तिचं. पण ती मुलाच्या शाळेत गेली होती. काकांनी एकट्याने सगळं बसवलं आणि हात पुसले.

संध्याकाळी डॉक्टर आणि थोरली पाठोपाठच आले. डॉक्टरांना लोकांचा जबडा डावा-उजवा ताडून बघायची सवय. ते गाडीसमोर उभे राहिले ते हललेच नाहीत.

"इकडे सगळं काळं, तिकडे आतलं दिसतंय. हे असंच असतं का?"

थोरली वाकली, उठली, आणि वडिलांकडे न बघता म्हणाली, "माझी चूक. उजवी बाजू मी कापली. घाईत होते."

काकांना हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"तरीच!" डॉक्टर म्हणाले. "अहो, मी एवढ्या लांबून काकांच्या हातासाठी आलो. आता तुम्ही हात लावू नका. काका, तुम्हीच कापा. मी थांबतो इथे."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. थोरलीचं तोंड एवढंसं झालं. दहा वर्षं दुकानात घासलेली बाई, आणि तिला परक्या माणसाने कात्रीपासून लांब व्हायला सांगितलं. तरी तिने नवा पत्रा टेबलावर मांडला आणि कात्री वडिलांपुढे सरकवली.

काकांनी कात्री उचलली नाही.

"डॉक्टर, कापली मी. बसवली पण मी. ही तर इथे नव्हतीच," ते म्हणाले. "मला दिसत नाही. हिला दिसतं. कापेल तर हीच."

डॉक्टर काहीतरी पुटपुटले आणि फोनचं निमित्त काढून बाहेर गेले.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"झाली दोन वर्षं."

तिने पुठ्ठा उलटला. "म्हणजे पहिले सहा महिने माझ्या लक्षातच आलं नव्हतं," ती म्हणाली, आणि कापायला लागली.