माळावरची मोजणी

दीक्षाच्या हातून त्या आठवड्यात एक चांगलं काम झालं होतं. निदान तिला तसं वाटत होतं. पुण्यातल्या ज्या कंपनीत ती नोकरीला होती, ती कंपनी 'झरोका' नावाचा ब्राउझर बनवायची. ब्राउझर म्हणजे फोनवर इंटरनेटची पानं उघडायचं साधन. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं आणि कुणाच्याही ध्यानात नसतं. जगातल्या दोन-तीन धिप्पाड कंपन्यांनी हा बाजार आधीच वाटून घेतलेला. उरलेल्या चतकोर तुकड्यासाठी झरोकासारखी लहान मंडळी रेटारेटी करत होती.

अशा रेटारेटीत टिकायचं तर अंगावर ओझं कमी पाहिजे. म्हणून झरोकातल्या कोणत्या सोयी ठेवायच्या आणि कोणत्या काढायच्या, याचा अहवाल दीक्षानं लिहिला होता. त्यात तिचं ठाम मत होतं की 'पान ठेवा' हे बटण काढून टाकावं. ते दाबलं की उघडलेलं पान फोनमध्ये साठून राहतं आणि मग नेटवर्क नसलं तरी वाचता येतं. मराठीत झरोका वापरणाऱ्या शंभरातला एकही जण ते दाबत नाही, असं आकडे सांगत होते. त्याच्या जागी 'विचारा' नावाचं नवं बटण येणार होतं. त्यात प्रश्न टाकायचा आणि यंत्रानं उत्तर द्यायचं. "ब्राउझर ही आता खिडकी राहिली नाही, दीक्षा," तिचे साहेब रणधीर सर म्हणायचे, "ब्राउझर आता बोलणारा माणूस झालाय. बाजार तिकडं पळतोय. आपण खिडकी पुसत बसलो तर संपलो." सरांना अहवाल फारच आवडला. सोमवारी नव्या आवृत्तीवर शिक्का बसणार होता आणि दीक्षाच्या बढतीचा विषयही त्याच बैठकीत निघणार होता.

'पान ठेवा' हे मराठी नाव तिनंच दिलेलं. ते पुसताना थोडं चुकचुकल्यासारखं झालं, पण थोडंच. शनिवारी सकाळी ती भूमच्या स्टँडवर उतरली आणि तिथून मिळेल त्या जीपनं उंबरदऱ्याला आली.

उंबरदरा म्हणजे डोंगराच्या बगलेत दडून बसलेलं गाव. टॉवर आहे, पण तो माळाच्या पलीकडच्या अंगाला. गावात फोन लावायचा तर बाभळीखाली उभं राहून हात वर करावा लागतो, आणि इंटरनेटचं तर नावच काढायला नको. दीक्षा घरी आली तेव्हा तिचे वडील राजपाल ओट्यावर बसून फोनवर काहीतरी वाचत होते. एसटीत कंडक्टरकी करून ते रिटायर झाले होते. गुडघे गेले होते, पण डोकी मोजायची सवय गेली नव्हती. लग्नाच्या मांडवात बसले तरी किती पंगती उठल्या ते न विचारता सांगायचे.

"नेट आलं का पप्पा गावात?" दीक्षानं बॅग टेकवत विचारलं.

"कुठलं आलंय! तुझी आई आणती की भरून."

"काय भरून?"

"पानं. शेरडं घिऊन माळावर जाती रोज. तिथं नेट लई झकास. माझा बी फोन नेती. पेपर, बाजारभाव, सरकारी नोकरीच्या जाहिराती, सगळं उघडती आन् तुझं ते बटण दाबती. खाली आलं की म्या निवांत वाचतो. आता समदी गल्लीच जाती. बाया इचारत्यात, सरुबाई, निघालाव का पानं भराया? हापशावर निघाल्यागत!"

राजपालरावांनी हसत फोन पुढं केला. त्यावर काल साठवलेली पानं ओळीनं मांडलेली होती. तुरीचा भाव, तलाठी भरतीची सूचना, गुडघेदुखीवरचा एक लेख, आणि एका बातमीत तर झरोकाचंच नाव. दीक्षा ओट्यावर बसली. तिला घोटभर पाणी पाहिजे होतं, पण मागायचं सुचेना. दोन वर्षं ती गावाला येऊन-जाऊन होती, पण एक-दोन दिवसांच्या पाहुणीसारखी. माळावर चढून तिला किती तरी वर्षं झाली होती, आणि आई तिथं शेरडं चारते एवढंच तिला ठाऊक होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "ते बटण सोमवारपासून जाणारेय."

"कुठं जाणार?"

"काढून टाकणारेत. मीच सांगितलं काढा म्हणून."

राजपालरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "कामून माय?"

"कुणी वापरतच नाही असं दिसलं."

"कुणाला दिसलं?"

"आकड्यांत दिसलं. फोन आमच्या कंपनीला सांगतो ना, कोणतं बटण किती वेळा दाबलं ते. त्याच्यावरून..."

आणि बोलता बोलता ती थांबली.

दोन वर्षांपूर्वीच्या भीमजयंतीला विहारात तिचं भाषण झालं होतं. पोरगी पुण्याला मोठ्या कंपनीत आहे म्हणून सगळ्यांनी आग्रहानं उभी केली होती. तिनं सगळ्यांच्या फोनमध्ये झरोका घालून दिला होता आणि मग आवाज चढवून सांगितलं होतं, "आपण काय वाचतो, काय शोधतो, हे कुणाला कळायचं कारण नाही. माझ्या कंपनीलासुद्धा नाही. आपली माहिती आपल्या मालकीची!" टाळ्या पडल्या होत्या. मग एकेकाचा फोन हातात घेऊन तिनं 'वापराची माहिती कंपनीला पाठवा' हा खटका स्वतःच्या बोटानं बंद केला होता. वरच्या गल्लीतले लोकही फोन घेऊन विहाराच्या दारात आले होते, त्यांचेही केले.

"म्हंजी," राजपालराव सावकाश म्हणाले, "आमी दाबत हुताव, पर तुमाला दिसत न्हवताव."

"हं."

"आन् दिसत न्हवताव ते तूच झाकल्यामुळं."

दीक्षाचे डोळे भरून आले. रागही आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. तेव्हा बोललेलं खोटं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर ती तेच बोलली असती. आणि अहवालातला आकडाही तिनं बनवलेला नव्हता. दोन्ही कामं तिनं मन लावून केली होती, आणि दोन्ही मिळून आईच्या हातातलं बटण काढून घेणार होती.

राजपालराव तिच्याकडं बघत राहिले. गेला महिनाभर ते काठी टेकत दारोदार फिरत होते. जनगणना येणार, तर मोजणीचा माणूस दारात आला की धर्माच्या रकान्यात बौद्ध असं स्पष्ट लिहून घ्या, नुसती मान डोलावू नका, हे ते प्रत्येक घरी बसून समजावत होते. "न्हाय लिवलं तर आपुन न्हाईच असं धरत्यात," हे त्यांचं वाक्य गावाला पाठ झालं होतं. आता तेच वाक्य त्यांच्या ओठावर आलं असणार, पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"कंडक्टर गाडीतली समदी डोकी मोजतो," ते म्हणाले, "आन् कवा कवा हिशेब चुकतो. मग काय गाडी सोडून पळून जातो व्हय? मागं जायचं, पुन्यांदा मोजायचं. जा वर. आई तिथंच हाय."

माळ चढताना दीक्षाला धाप लागली. वर वारा मोकळा होता. लिंबाच्या बुंध्याभोवती आणि खडकांवर माणसं बसली होती, बहुतेक बायाच. शेरडं आपापल्या परीनं चरत होती. तिची आई सरुबाई तीन फोन मांडीवर घेऊन बसली होती, त्यातला एक शेजारीण दैवशालाचा आणि एक नवऱ्याचा. तिला जोडाक्षरं अजून अडखळत वाचावी लागत, पण बटणाची जागा बोटाला पाठ होती.

"आगं, तू कवा आलीस?" तिनं लेकीला बाजूला बसवून घेतलं. "थांब, दैवशालाचं एक पान ऱ्हायलंय. ब्लाऊजच्या गळ्याचं हाय, ती घरी गेल्यावर शिवती बघून बघून."

दीक्षानं तिथंच सगळं सांगितलं. बटण जाणार हेही सांगितलं आणि ते तिच्या अहवालामुळं जातंय हेही. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. दैवशाला म्हणाली, "मग आमी परत तोंडपाठ करून खाली जायाचं का गं?" कुणी हसलं नाही. सरुबाईनं मांडीवरचे फोन पदरात ओढून घेतले.

"एक उपाय आहे," ती म्हणाली. "तो खटका परत चालू केला तर तुम्ही आकड्यात याल."

पलीकडच्या खडकावर व्यंकट बसला होता. वरच्या गल्लीतला शेतकरी, चार एकरांचा धनी, बोलायला फटकळ. "ते न्हाय व्हायचं," तो म्हणाला. "आमी काय वाचताव ते कुणी बगायचं न्हाय, हे तूच सांगितलं हुतंस. म्या समद्या पावण्यारावळ्यांचे खटके बंद केलेत तुजं ऐकून. आता तुजी अडचण आली म्हणून चालू करू व्हय?"

"नका करू," दीक्षा म्हणाली. ते उत्तर तिच्या तोंडून इतक्या पटकन गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. व्यंकटचं बरोबर होतं. दिसायचं असेल तर आधी उघडं व्हा, अशी अट माणसाला कुणी का घालावी? तिनं खटक्याचा विषय तिथंच सोडला आणि रणधीर सरांना फोन लावला.

सरांनी आधी ऐकून घेतलं, मग वैतागले. "तुझाच अहवाल, आणि तूच खोडतेस? माझ्याकडं आकडे नाहीत, दीक्षा. बाजारात भावनेवर काही चालत नाही."

"भावना नाही, सर. मोजणीतच खोट आहे. आपण फक्त मोजू देणारे मोजले. ज्यांना नेटवर्क नाही आणि ज्यांनी आपल्याला बघू दिलं नाही, त्यांना आपण शून्य धरलं. मी धरलं. ते 'विचारा' बटण इथं खाली चालणारच नाही. विचारायला माणूस माळावर यायला हवा."

सरांचा आवाज जरा खाली आला.

"सोमवारी बैठकीत उभं राहून हे सांगशील? सगळ्यांसमोर, आपला अहवाल चुकला म्हणून?"

दीक्षाला बढती आठवली. गेले सहा महिने तिनं त्याच गोष्टीची स्वप्नं बघितली होती, खोटं कशाला बोला. "सांगीन," ती म्हणाली.

"मग तेवढं एक बटण तूर्त थांबवतो. नव्या आवृत्तीचं कच्चं पान पाठवतो, बघून घे. आणि मला एक ओळ लिहून पाठव. किती माणसं, आणि कशावरून."

पान आलं. त्यात 'पान ठेवा' पुन्हा आपल्या जागी होतं, बाजूला 'तूर्त' असा शेरा. हे पप्पांना दाखवायला पाहिजे, त्यांना काही माळ चढवत नाही, असं मनात येताच तिचं बोट आपसूक आपल्या फोनमधल्या झरोकाच्या त्या बटणावर गेलं. पान फोनमध्ये साठलं. मग ती उभी राहिली आणि मोजायला लागली. लिंबाखालच्या बाया, खडकावरचा व्यंकट, उतारावर बसलेली दोन कॉलेजची पोरं, शेरडामागं गेलेली एक म्हातारी. पुन्हा एकदा मोजलं. मग लिहिलं, 'सोळा माणसं. डोळ्यांनी मोजली.'

सरुबाई तिच्या खांद्यावरून बघत होती. अक्षर अक्षर जुळवत तिनं ओळ वाचली, मग माळावर नजर फिरवून ओठातल्या ओठात स्वतःही मोजलं.

"चुकलं की गं," ती म्हणाली.

"कुठं? नीट मोजलंय मी, आई."

"आत्ता पप्पासाठी पान भरलंस ते कुणी? तुला धरलंस का?"

दीक्षानं फोनकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग सोळा खोडून सतरा केलं आणि ओळ पाठवून दिली.