पिवळा बिल्ला, क्रमांक चौदा

“हे सगळे बंदुकांचे?” मारिसोलने विचारलं आणि ड्रॉवरमध्ये घालायला पुढे केलेला हात मागे घेतला.

“बंदुका नाहीत गं. बंदुकांचे बोल्ट,” आर्लिस म्हणाली. “हा एवढा दांडा काढून घेतला की बंदूक म्हणजे कुंपणाचा खांब. घे हातात, चावत नाहीत.”

लोखंडी ड्रॉवरमध्ये तेलाचा वास कोंडला होता. जुन्या टॉवेलवर सहा बोल्ट ओळीने झोपवलेले. प्रत्येकाला तारेने एक पिवळा बिल्ला बांधलेला, गाईच्या कानात मारतात तसला. बिल्ल्यावर नुसता आकडा.

“नावं कुठं लिहिलीत?”

आर्लिसने स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं.

“आणि तुम्हाला काही झालं असतं तर?”

“तर या ऑर्लो गावातल्या सहा बंदुका कायमच्या मुक्या झाल्या असत्या. हरणांनी माझ्या नावाने पेढे वाटले असते.”

“हे नियमात बसतं?”

“मी कधी विचारलं नाही. शेरीफला माहीत आहे.”

“तो काही बोलला नाही?”

“तीन नंबर त्याचाच होता.”

मारिसोल हसली, मग हसावं की नाही ते न कळून थांबली. आज या कामावरचा तिचा पाचवा दिवस होता आणि आर्लिसचा शेवटचा. गळ्यातली किल्ली आर्लिसने अजून काढली नव्हती.

जगणं नको वाटायच्या दिवसांत भरलेली बंदूक घरात नको, म्हणून माणसांनी हे बोल्ट आणून दिले होते, आणि तेही दवाखान्याला नाही, आर्लिसला. त्यामुळे जाताना प्रत्येकाला विचारणं भाग होतं. परत नेतोस, की नव्या बाईकडे ठेवतोस? पाच जणांनी फोनवरच सांगून टाकलं. तिघांना आता बरं होतं, ते घरी न्यायला येणार होते. दोघांनी ‘असू दे तिथंच’ म्हटलं. सहावा फोनवर बोलत नसे. तो तीन वाजता यायचा होता.

“त्यानं परत मागितला तर?”

“तर द्यायचा. त्याचा आहे.” हे आर्लिस अगदी सरळ बोलली, पण तिचा अंगठा चौदा नंबरच्या बिल्ल्यावर घासत राहिला. “बरं नसताना मागितला, तरी. मी मागच्या वेळी दिलेत परत. चार.”

दवाखाना, म्हणजे मागची खोली

गावात डॉक्टर एकच आणि तो गुरांचा. रूडीच्या जनावरांच्या दवाखान्यामागे एक खोली होती, तिथे पूर्वी तो लसी ठेवायचा. पंधरा वर्षांपूर्वी आर्लिसने ती मागितली, तेव्हा रूडी म्हणाला होता, “अगं, चर्चच्या तळघरात बस की. फुकट देतील.”

“तिथं बसून पाहिलं. पिकअप ओळखतात रे. कुणाची गाडी किती वेळ उभी होती, ते संध्याकाळी सगळ्या गावाच्या जेवणात असतं. तुझ्याकडे कुणीही येऊ शकतं.”

आणि आले. मागच्या अंगणात गाड्या लावून, मागच्या दाराने. शंका नको म्हणून प्रत्येक जण एखादं जनावर घेऊन यायचा. शाळेच्या बसचा ड्रायव्हर दर महिन्याला एकच मांजर आणायचा. “त्या मांजराची सुया टोचून टोचून चाळणी झाली असेल,” असं पोस्टातल्या बाया हळहळायच्या. मांजर आपलं रूडीच्या टेबलावर झोपा काढून गुबगुबीत झालेलं.

त्याआधी आर्लिस तीन तासांवरच्या सरकारी मनोरुग्णालयात वॉर्डात नर्स होती. तिच्याच भागातली माणसं तिथे यायची ती शेरीफच्या गाडीतून, हातात बेड्या घालून. कुणाला तिने पाचवीत आपल्या शेजारच्या बाकावर पाहिलेलं असायचं. “आधी का नाही आलास रे?” असं ती विचारायची. ‘कुठं येणार?’ असं ती माणसं म्हणायची. शेवटी त्रेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा शिकायला बसली. मनाच्या आजारांचं वेगळं शिक्षण, परीक्षा, मग औषधं लिहून द्यायचा परवाना. डॉक्टर झाली नाही. नर्सच राहिली, पण माणूस बुडायच्या आधी हात देता येईल अशी.

पहिली दोन वर्षं खोलीसुद्धा नव्हती. जुनी ब्यूक गाडी, मागच्या सीटवर फायलींचं खोकं, आणि चार गावं. सोमवारी धान्याच्या कोठाराचं ऑफिस, बुधवारी चर्चचं तळघर. टेकड्याच टेकड्या, त्यांच्यावर गवत, गवतात एखादी पवनचक्की, आणि रेडिओवर फक्त गुरांचे भाव. आता त्या दिवसांची आठवण निघाली की आर्लिसला आधी ब्यूकचा हीटर आठवायचा. तो उजवा पाय भाजायचा आणि डावा गोठवायचा. किती दमायचो आपण, असं मनात यायचं. आणि लगेच, किती सुखात होतो.

पिवळा दोन

हा बोल्ट ‘ॲपल पाय’मधून आला, सफरचंदं भरून भाजलेल्या जाड गोड पोळीतून. वरचं आवरण शाबूत, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बोल्ट. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईने नवऱ्याच्या नकळत काढून आणला होता. दुसऱ्या दिवशी नवरा स्वतः आला. आर्लिसला वाटलं, आता भांडणार. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “माझी बायको ॲपल पाय वाया घालवत नाही. म्हणजे माझं बरंच बिघडलेलं दिसतंय.”

हा उद्या न्यायला येणार आहे. ॲपल पाय आणतो म्हणाला.

पिवळा नऊ

ड्रॉवरमध्ये नाही.

“आठ आहे, दहा आहे. नऊही परत नेला?” मारिसोलने विचारलं.

आर्लिसने पर्समधून बिल्ला काढला. नुसताच.

“डेल्मर. पवनचक्क्या दुरुस्त करायचा. चाळीस फुटांवर चढून शिट्टी वाजवायचा, खाली गाई वर बघायच्या.” तिने बिल्ला उलटा करून पाहिला. “तेव्हा नर्सला एकटीनं काम करता येत नव्हतं. कागदावर एका डॉक्टरची सही लागायची. माझ्या कागदावर ज्यांची होती ते दोनशे मैलांवर. चांगले गृहस्थ. ऑर्लो त्यांनी कधी पाहिलं नाही, माझा एकही पेशंट पाहिला नाही. ते निवृत्त झाले आणि दुसरी सही मिळेना.”

“किती दिवस?”

“सात आठवडे. मी इथंच होते, माणसं तिथंच होती, मध्ये फक्त एक सही नव्हती. दवाखाना बंद करायचा म्हणून मी बोल्ट परत केले. नियमाप्रमाणं वागले गं. डेल्मरनं बोल्ट असा उजेडात धरून पाहिला. म्हणाला, ‘काळजी करू नको आर्लिस, मी ठीक आहे.’ आणि मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. पाचव्या आठवड्यात, दफनानंतर, त्याच्या बहिणीनं हा बिल्ला आणून दिला. म्हणाली, हा तुमचा असेल.”

रूडीच्या खोलीत एक वासरू हंबरलं. रूडी त्याला काहीतरी समजावत होता.

“दोन वर्षांनी विधिमंडळात ती सहीची अट काढायचा विषय आला,” आर्लिस म्हणाली. “मला तीन मिनिटं बोलायला दिली होती. लिहून नेलेलं सगळं विसरले. बिल्ला टेबलावर ठेवला आणि डेल्मर शिट्टी कशी वाजवायचा ते सांगितलं. अट गेली. माझ्यामुळं नाही, खूप जणी बोलल्या. पण गेली.”

तिने बिल्ला परत पर्समध्ये ठेवला. तो मारिसोलला द्यायचा नव्हता.

पिवळा चौदा

बारा वर्षांपूर्वीची मार्चअखेर. एल्डन क्रुपा रूडीकडे आला, शेजारी टग. तीन वर्षांचा कुत्रा, आख्ख्या परगण्यात गुरं वळवायला त्याच्यासारखा नाही.

“काय झालं याला?” रूडीने विचारलं.

“काही नाही. तुझ्या माहितीत कुणाला हवाय का?”

“विकतोस?”

“नाही. देतो.”

रूडीने हातातली सुई खाली ठेवली. या भागात माणूस जमीन देईल, पिकअप देईल, एखाद वेळी बायकोही दुसऱ्याबरोबर जाऊ देईल. कामाचा, धडधाकट कुत्रा कुणी देत नाही. देतोय म्हणजे त्याला उद्या गुरं वळवायची नाहीत. आदल्या वसंतातल्या हिमवादळात एल्डनची साठ वासरं गेली होती. त्यानंतर बायको बहिणीकडे म्हणून गेली ती परतली नव्हती. हे रूडीला माहीत होतं, गावाला माहीत होतं. पण त्याचा अर्थ रूडीला त्या क्षणी लागला.

“मागच्या खोलीत आण त्याला,” तो म्हणाला. “तिथं एक बाई आहे, ती बघेल.”

“कुत्र्याचं?”

“सगळ्याचं.”

एल्डन चाळीस मिनिटं बसला. अकरा वाक्यं बोलला. आर्लिसने मोजली होती. दुसऱ्या दिवशी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून बोल्ट आणून दिला.

सहीच्या त्या सात आठवड्यांत आर्लिस त्यालाही बोल्ट द्यायला गेली, तेव्हा त्याने हात पुढे केला नाही. “ड्रॉवरला कुलूप आहे ना? मग? मी मागितला का?” एवढं बोलून तो कुंपणाची तार ओढायला निघून गेला होता.

त्या पहिल्या भेटीपासून दर महिन्याचा शेवटचा शुक्रवार, तीन वाजता, मागच्या दाराने, टगच्या कानाचं निमित्त करून. बारा वर्षं एकच कान दुखणारा तो जगातला एकमेव कुत्रा होता.

तीन वाजून पाच मिनिटं

मागचं अंगण रिकामं.

“ट्रॅक्टर वगैरे बिघडला असेल,” मारिसोल म्हणाली.

“तो उशीर करत नाही.”

तीन दहा. आर्लिसने किल्ली गळ्यातून काढली, पुन्हा घातली. तेवढ्यात पुढून रूडीची हाक आली, “आर्लिस! एल्डन इकडं पुढं येऊन उभा आहे गं!”

टेबलावरच्या वासराला वळसा घालून ती पुढच्या खिडकीशी गेली. एल्डनचा पांढरा पिकअप मोठ्या रस्त्यावर, पोस्टाच्या अगदी समोर. शेजारची सीट रिकामी. काचेवर टगच्या नाकाचे डाग, टग नाही.

एल्डन टोपी हातात घेऊन आत आला, तर तिने ‘ये’ सुद्धा म्हटलं नाही.

“कुत्रा कुणाला दिलास?”

“दिला?” एल्डन तिच्याकडे बघतच राहिला. “आर्लिस, पंधरा वर्षांचा आंधळा कुत्रा कोण घेणार?” मग टोपीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, “मंगळवारी गेला. गोठ्याच्या दारात, उन्हात. टेकडीवर पुरला.”

आर्लिसचा श्वास सुटला आणि सुटल्याची तिला लाज वाटली.

“कळवायचंस तरी.”

“आता सांगितलं की.”

मागच्या खोलीत तिघं बसले. एल्डनने मारिसोलला नीट न्याहाळलं, बाजारात कालवड बघतात तसं.

“कुठली गं पोरी तू?”

“गेरिंगजवळची. वडील बीटाच्या शेतात पाणी द्यायचे.”

“चरातून? पाणी ओढायच्या वाकड्या नळ्या लावून?”

“हो. मीही लावल्यात.”

“एका हातानं? पटाईत तशाच लावतात.”

“दोन्ही. एका हातानं जमलं असतं तर नर्स कशाला झाले असते?”

एल्डनच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढाच.

आर्लिसने ड्रॉवर उघडला आणि चौदा नंबर त्याच्यासमोर ठेवला. “तुझा आहे. हरणांचा हंगाम पंधरा दिवसांवर आलाय. न्यायचा असेल तर…” पुढचं तिला बोलायचं नव्हतं. राहू दे, इथंच राहू दे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने हात मांडीवर ठेवले.

एल्डनने बोल्ट उचलला. उजेडात धरला. आर्लिसने मान वळवली. असाच धरला होता डेल्मरनेही.

“याला गंज नाही,” एल्डन म्हणाला.

“नाही.”

“बारा वर्षं झाली.”

“दर एप्रिलला तेल लावते. सगळ्यांनाच.”

एल्डनने बोल्टवरून अंगठा फिरवला, अंगठा जीन्सला पुसला. पुन्हा फिरवला, पुन्हा पुसला. मग त्याने बोल्ट टेबलावरून सरकवला. आर्लिसकडे नाही, मारिसोलकडे.

“ही फार तेल लावते,” तो म्हणाला. “थोडं पुरतं. एप्रिलमध्ये आलो की दाखवतो तुला.”

मारिसोलने ‘थँक यू’ म्हटलं नाही. हे तिने बरं केलं. “एप्रिल,” एवढंच म्हणून तिने बोल्ट टॉवेलवर ठेवला आणि आर्लिसपुढे हात केला. आर्लिसला क्षणभर कळलं नाही कशासाठी. मग तिने गळ्यातून किल्ली काढली.

त्यांना बोलायला सोडून ती रूडीकडे येऊन बसली. रूडीने न विचारता कॉफी ओतली, स्वतःच्या कपात थोडी जास्त. पाऊण तासाने एल्डन बाहेर आला, तशी ती त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेली. पोस्टाच्या पायरीवर दोन बाया पत्रं हातात धरून उभ्या होत्या आणि पत्रांकडे बघत नव्हत्या. पिकअपच्या रिकाम्या सीटवर टगची घोंगडी होती, झटकून, चार घड्या घालून ठेवलेली.

“मागं जागा नव्हती?” आर्लिसने विचारलं.

“होती,” एल्डन म्हणाला.

तो आत बसला. गाडी सुरू केली. पोस्टासमोरून जाताना त्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. गावात सगळे सगळ्यांना करतात तेवढाच नमस्कार.

आर्लिसचा हात गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. तो तिने तसाच वर केला.