स्कार्वेनूटवरचं बाकडं

गावच्या मंडळाची नवी सेक्रेटरी योरुन हिने कामाची यादी आडनावांप्रमाणे लावली आणि तिथेच घोटाळा झाला. ओस्मुंड होवलिड आणि सोलफ्रिड होवलिड ही दोन नावं एकाखाली एक आली. योरुनला वाटलं, नवरा-बायको दिसतात, बरंच झालं. मंडळ स्कार्वेनूट डोंगराच्या माथ्यावर नवं बाकडं बसवणार होतं; त्याची बसायची फळी शिखरावर न्यायचं काम तिने दोघांना मिळून दिलं. त्यांचा घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली होती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सोलफ्रिडने आडनाव बदललं नव्हतं, ते केवळ अर्ज भरायच्या कंटाळ्याने.

जूनमधल्या एका शनिवारी सोलफ्रिड पायथ्याशी आली, तेव्हा बाकीची मंडळी बाकड्याचे लोखंडी पाय, नटबोल्ट आणि कॉफीचे थर्मास घेऊन केव्हाच पुढे गेली होती. ओस्मुंड फळीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. एकदा बांधलेली सोडून पुन्हा बांधत होता.

"तू पुढे की मी?" तिने विचारलं.

"तू पुढे हो. तुला वाट माहीत आहे."

"आणि तुला नाही? जन्मापासून याच डोंगराखाली राहतोयस."

"खालीच राहतोय ना."

फळी लार्चच्या लाकडाची, अडीच मीटर लांब, चांगली जाडजूड. वाट म्हणाल तर दोन किलोमीटरही नाही, पण उभी, शिडी लावल्यासारखी. पाइनच्या मुळांवरून पाय टाकत दोघं निघाले आणि पहिल्याच वळणावर फळी दोन झाडांमध्ये अडकली.

"थोडी डावीकडे घे," ओस्मुंड मागून म्हणाला.

"सोफा माडीवर नेतानासुद्धा असंच म्हणाला होतास. भिंतीचा ढलपा पडला."

"भिंतच वाकडी होती."

"भिंत तुझ्या वडिलांनी बांधली होती."

"म्हणूनच खात्रीने सांगतोय."

सोलफ्रिडने हसू दाबलं आणि फळी उजवीकडे घेतली. ती सुटली.

बर्चची खुरटी झाडं लागली तोवर दोघांनाही घाम फुटला होता. वरून एक मुलगी उड्या मारत उतरत होती. फळीला वाट देत ती थांबली. "वर घर बांधताय की काय?"

"नाही गं बाई," ओस्मुंड म्हणाला. "एकदा बांधून मोडलंय, तेवढं पुरे."

या वेळी सोलफ्रिड मोठ्याने हसली. गंमत अशी, की हा माणूस विनोदी आहे हे ती पार विसरून गेली होती. ती गावात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची, तो फेरीबोटीवर गाड्या चढवायचा-उतरवायचा. अकरा वर्षांत तिच्या गाडीला त्याने शेकडो वेळा हात करून जागा दाखवली असेल, पण "पुढे घ्या" आणि "आभारी आहे" यापलीकडे बोलणं कधी गेलंच नव्हतं.

झाडं संपली आणि नुसता कातळ सुरू झाला. त्यावर साखळी ठोकलेली होती. उजवीकडे डोंगर, डावीकडे काहीच नाही. थेट खाली फ्योर्डचं, डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राचं पाणी आणि त्यावर काडेपेटीएवढी फेरीबोट. सोलफ्रिडला ही जागा फार आवडायची. ती साखळी धरून झरझर वर गेली, पाठीवरच्या पिशवीतला दोर खाली सोडला आणि त्याच्याकडून फळीचं टोक बांधून घेतलं. तिने वरून ओढलं, त्याने खालून रेटलं. फळी वर आली.

"आता तू ये," ती म्हणाली.

तो आला नाही.

"मी थांबतो इथेच. अवघड भाग झाला ना? पुढच्यांना हाक मार, कुणीतरी येईल न्यायला."

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. लग्नाची एकोणीस वर्षं, दर रविवारी डोंगरावर निघताना तो तिने ऐकला होता. गुडघा दुखतोय, तू जा. आज नको, तू बहिणीबरोबर जा. तिच्या डोक्यात सणक गेली.

"गुडघा दुखतोय का रे?" तिने वरून विचारलं. "पुतणीच्या लग्नात तर मध्यरात्रीपर्यंत नाचत होतास म्हणे!"

"तेच तर ना," खालून आवाज आला. "सगळ्या गावाने बघितलं. आता गुडघ्याचं कोण ऐकून घेणार?"

काहीतरी वेगळंच वाटलं म्हणून ती चार पावलं खाली उतरली. ओस्मुंड दोन्ही हातांनी साखळी धरून, कपाळ कातळाला टेकवून उभा होता. बोटं पांढरीफटक पडली होती.

"ओस्मुंड? बरं वाटत नाहीये का?"

"उंची," तो दगडाशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मला उंचीची भीती वाटते, सोलफ्रिड. लहानपणापासून. गच्चीवरसुद्धा मी कठड्याजवळ जात नाही."

ती साखळीला धरून तिथेच खाली बसली. घटस्फोटाला कारणं बरीच होती, काही त्याची, काही तिची. पण तिच्या मनात सगळ्यात खोल रुतलेलं एकच होतं, की या माणसाला माझ्या सोबतीचा कंटाळा आहे. मी हाक मारते आणि हा येत नाही.

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"पहिल्यांदा आमच्या घरी आलीस, तेव्हाच म्हणाली होतीस. घाबरटांची मला चीड येते."

सोलफ्रिडला आठवायला वेळ लागला. "अरे, मी तुमच्या कुत्र्याबद्दल बोलत होते! माझा कोट बघून तो टेबलाखाली शिरला होता!"

"कुत्रा माझा होता," ओस्मुंड पडेल आवाजात म्हणाला. "मला वाटलं, एकूण घराबद्दलच बोलतेयस."

हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, हे तिला कळेना. डोळ्यांत मात्र पाणी आलं आणि तिने ते बाहीने पुसून टाकलं.

"बरं, ऐक," ती म्हणाली. "इथून खाली उतरणं चढण्यापेक्षा वाईट. तेव्हा वरच जायचं. माझ्या बुटांकडे बघ, दुसरं काही बघायचं नाही. डावा पाय त्या खाचेत. शाब्बास. आता हात वर. घाई नाही, आपल्याला कुठे गाडी पकडायची नाही."

"माझ्याशी पेशंटसारखं बोलू नकोस."

"मग पेशंटसारखा थरथरू नकोस. उजवा पाय."

दोन मिनिटांची चढण चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. वर येताच ओस्मुंड शेवाळावर पालथा पडला आणि बराच वेळ उठला नाही. सोलफ्रिडने संत्रं सोलून अर्धं त्याच्या हातात दिलं. त्याने ते पडल्या पडल्याच खाल्लं.

"आलास कशाला मग?" तिने विचारलं. "योरुनला नाही म्हणायचं होतं."

"यादीत तुझं नाव बघितलं," तो म्हणाला. "म्हटलं, आणखी एकदा नाही म्हणणं बरं दिसत नाही."

तिने फळीचं टोक उचललं. त्यानेही मागचं उचललं.

शिखरावर सगळे वाट बघत होते. "इतका उशीर?" योरुनने विचारलं.

"याची बडबड," सोलफ्रिड म्हणाली. "दर दहा पावलांना थांबून हा गोष्टी सांगतो."

बाकडं बसवताना नट आवळायचं काम ओस्मुंडने मागून घेतलं, कारण त्यासाठी खाली मान घालून बसता येत होतं. मग सगळे एकेक करून बाकड्यावर बसून फ्योर्ड बघू लागले. ओस्मुंड उलटा, डोंगराकडे तोंड करून बसला, आणि तपकिरी चीज लावलेले पाव त्याने एकट्याने चार खाल्ले.

उतरायची वेळ झाली तशी त्याचा चेहरा पुन्हा उतरला. सोलफ्रिडने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "मी मागच्या दरीतून जाणार. नऊ किलोमीटर आहे, पण उतार अगदी सौम्य आहे. गुरांच्या माळावर फुलं आली असतील. ओस्मुंड, तू येतोस का सोबतीला?"

"येतो की," तो इतक्या पटकन म्हणाला, की योरुनने भुवया उंचावल्या.

गावात पुढे बरीच कुजबुज झाली. बेकरीत तर लोकांनी दोघांच्या लग्नाची तारीखसुद्धा ठरवून टाकली. तसं काही झालं नाही. सोलफ्रिड आपल्या घरी राहिली, ओस्मुंड आपल्या. पण पुढच्याच रविवारी सकाळी सोलफ्रिडचा फोन वाजला.

"आज कुठे जायचं?" ओस्मुंडने विचारलं आणि घाईघाईने पुस्ती जोडली, "सपाटीवर हं."

"नदीकाठाने," सोलफ्रिड म्हणाली. "मधे एक पूल आहे."

"किती उंच?"

"गुडघ्याएवढा."

"थांब," तो म्हणाला, "बूट घालतो."