हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत

घरात तिला छकुली म्हणत. डोकं दाराच्या चौकटीला टेकेल एवढी उंच झाली, शिक्षण संपलं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, तरी ते नाव काही सुटलं नाही. ऑफिसात तर तिला नावच नव्हतं. तिथे ती इंटर्न होती. इंटर्नला सांगा, इंटर्नकडे पाठवा, कुठे अडकलंय ते इंटर्नला विचारा. अडकलेलं शोधून काढायचं आणि पुढे ढकलायचं, हेच तिचं काम होतं.

संस्था मोठी होती. देशोदेशी पाणी, शाळा, दवाखाने असली कामं करायची आणि केलेल्या कामाचा अहवाल काढायची. काम एखादं राहून जाई, अहवाल मात्र कधी राहिला नाही. लेखकाने मसुदा लिहायचा, तज्ज्ञांनी वाचायचा, मग संपादन, मग भाषांतर, मग पानांची मांडणी, मग छपाई. कागदावर हे सगळं सरळ दिसे. प्रत्यक्षात कोणी दौऱ्यावर असे, कोणी आजारी, कोणी नुसताच गप्प. छकुलीच्या संगणकावर एक तक्ता होता. अडकलेलं लाल, चाललेलं पिवळं, पार पडलेलं हिरवं. सकाळी तक्ता उघडला की लालच लाल दिसे, आणि आल्या पावली घरी जावंसं वाटे. पण घरी जाऊन तरी काय करणार, म्हणून ती बसे आणि आठवणीचे मेल लिहायला घेई. पहिला मेल गोड, दुसरा जरा कमी गोड, तिसऱ्यात फक्त तारीख.

गप्प बसणाऱ्यांवर संस्थेने फार पूर्वीच तोडगा काढून ठेवला होता. मसुद्याखाली एक वाक्य असे. त्याचा अर्थ एवढाच, की अमुक दिवसापर्यंत बोलला नाहीत तर तुमचं हो आहे असं आम्ही धरू. मूळ वाक्य इतकं लांबलचक होतं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. छकुली रुजू झाली त्या आठवड्यात मॅडमनी ते तिच्यापुढे टाकलं आणि म्हणाल्या, "हे जरा माणसांत आण." तिने ते माणसांत आणलं. 'हरकत असल्यास शुक्रवारी पाचपर्यंत लेखी कळवावी. उत्तर न आल्यास आपली संमती आहे असं समजण्यात येईल.' मॅडमनी चष्मा वर करून वाचलं. "छान. आता वाचायचाही त्रास नाही कोणाला." त्या नोकरीत तिला मिळालेली शाबासकी एवढीच.

मॅडम म्हणजे प्रकाशन विभागाच्या प्रमुख. निवृत्तीला टेकलेल्या, थर्मासमधलं गरम पाणी घोट घोट पिणाऱ्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. वाईट बाई नव्हत्या. फक्त दमलेल्या होत्या, आणि आपण दमलोय हे लपवायचाही त्यांना कंटाळा आला होता. इंटर्नशिप संपत आली तशी त्यांनीच छकुलीच्या वर्षभराच्या कराराचा कागद वर पाठवला.

"तोही त्याच पद्धतीने फिरतोय," त्या म्हणाल्या. "या शुक्रवारी पाचपर्यंत कोणी काही बोललं नाही की तू पक्की. तू फक्त गप्प बस."

गप्प बसणं छकुलीला जमण्यासारखं होतं. ते तिच्या घरातच होतं.

घरी ती आणि आई, दोघीच. तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी आईचं शिवणाचं मशीन. आई तिथे बसून लोकांचे पडदे शिवायची, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. मान वर केली की खिडकीतून रस्त्याचं वळण दिसे. छकुली ऑफिसातून येताना त्या वळणावर दिसली की आई मशीन थांबवून कुकर लावायला उठे. दादा दूरच्या शहरात राहायचा. त्याचं म्हणणं, आता दोघींनी त्याच्याकडे यावं, कशाला उगाच दोन-दोन भाडी. मशीन मात्र आणू नये, जागा नाही. एकच गोष्ट आड येत होती. छकुलीला करार मिळाला तर तिच्या पगारात हे घर निभणार होतं. नाही मिळाला तर घर सोडायचं, मशीन विकायचं आणि दादाकडे जायचं. म्हणजे शुक्रवार छकुलीचा होता, तसाच आईचाही होता. आई त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती, आणि छकुलीला त्याचीच धास्ती वाटायची.

बुधवारी काकांचा फोन आला. हे काका म्हणजे संस्थेच्या एका डोंगराळ भागातल्या शाखेचे प्रमुख. शाखेत दुसरं कोणी नसल्यामुळे शिपाईही तेच. छकुलीने त्यांना पाहिलं नव्हतं, पण आठवणीचे मेल आणि फोन करून करून ओळख झाली होती. त्यांच्या भागात बसवलेल्या हातपंपांचा अहवाल तिच्या तक्त्यात पिवळ्यावरून हिरव्याकडे चालला होता.

"ताई, अहवालातला तो चौथा भाग थांबवा," काका म्हणाले. मागे वाऱ्याचा आवाज होता. "सगळे पंप चालू आहेत असं लिहिलंय त्यात. अहो, ते उद्घाटनाच्या दिवशीचं आहे. त्या दिवशी होतेच चालू, फोटो काढायचे होते ना. उन्हाळ्यात निम्मे कोरडे पडले. उरलेल्यांना गंजाचं पाणी येतंय. बायका परत ओढ्यावर जायला लागल्या."

"काका, हे लेखी पाठवा ना. शुक्रवारपर्यंत लेखी लागतं."

"कशावर पाठवू? वादळात टॉवर झोपलाय. हा फोन टेकडीवर उभा राहून करतोय, एक हात झाडाला. मेल लावला की नुसता गोल गोल फिरत बसतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, याच अहवालावर पलीकडच्या खोऱ्यात हेच पंप घेणार आहेत. मला खाली जाऊन लोकांना तोंड दाखवायचंय हो."

फोन तुटला. छकुली मॅडमकडे गेली आणि सगळं सांगितलं.

"लेखी आलंय?"

"नाही. पण ते फोनवर..."

"मग आलेलं नाही." मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. "हे बघ, आपण टपाल पोचवणारी माणसं. पाकीट फोडून वाचायचं नसतं. मीही पहिली काही वर्षं वाचायचे. आणि हा अहवाल सल्लागारसाहेबांनी लिहिलाय. तुझ्या कराराचा कागद त्यांच्याकडेही गेलाय, माहितीये ना?"

धमकी नव्हती ती. पाऊस येईल, छत्री ने, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. छकुली जागेवर येऊन बसली आणि दुसऱ्या एका अहवालाच्या भाषांतरकाराला तिसरा मेल लिहिला, फक्त तारखेचा.

गुरुवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. छकुली भाजी चिरत होती, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. दादाने टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं होतं. महिनाअखेरीस सामान हलवायचं. तिचा करार होईल असं तो धरूनच चालला नव्हता, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नव्हतं.

"अरे, पण आईला चालणारे का?" छकुलीने विचारलं.

"गेल्या वेळी मी सगळं सांगितलं तिला. काही बोलली नाही. म्हणजे चालतंय."

आई तिथेच होती. मशीनवरच्या पडद्याची दुमड सरळ करत होती. दादाने तब्येतीची चौकशी केली, आईने बरी आहे म्हटलं, फोन संपला.

"तू सांगत का नाहीस त्याला?" छकुली चिडून म्हणाली.

"काय सांगू?"

"यायचं नाही म्हणून."

"त्याने विचारलंय कुठे?" आई म्हणाली. "कळवलंय." आणि तिने मशीन सुरू केलं.

छकुलीच्या हातातली सुरी थांबली. तिला मसुद्याखालचं आपलं वाक्य आठवलं. ते आपण किती छान सुटसुटीत केलं होतं, तेही आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली. मग तिने उरलेली भाजी चिरायला घेतली.

शुक्रवारी दुपारपासून ती काकांना फोन लावत होती. तीच बाई तेच सांगत होती, की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे. चार वाजून गेले. पंपांच्या अहवालाच्या रकान्यात सगळ्यांच्या नावांपुढे हिरवं आलं होतं. काकांच्या नावापुढे काहीच नव्हतं, आणि पाच वाजता तेही आपोआप हिरवं होणार होतं. छकुलीने काही करायची गरज नव्हती. हात मांडीवर ठेवून बसलं असतं तरी अहवाल पार पडला असता, करार पक्का झाला असता, आणि आईचं मशीन खिडकीशी राहिलं असतं. तिने तेच करायचं ठरवलंही होतं. पाणी पिऊन आली, बाटली भरली, खुर्ची सरकवली. डोळ्यांपुढून झाडाला धरून उभा राहिलेला, कधी न पाहिलेला तो माणूस काही हलेना.

मग तिने काकांच्या नावापुढच्या चौकटीत लिहिलं. 'हरकत आहे. चौथ्या भागातले आकडे उद्घाटनाच्या दिवशीचे आहेत. निम्मे पंप कोरडे, उरलेल्यांना गंजाचं पाणी. फोनवरून तोंडी कळवलं. नोंद करणार: इंटर्न.' आणि बटण दाबलं. रकाना लाल झाला. इतके महिने लाल पुसण्यात घालवलेल्या मुलीने आपल्या हाताने लाल केलेला तो पहिला रकाना.

सल्लागारसाहेब भांडायला आले नाहीत. भांडायला वेळ लागतो. पाच वाजायच्या आत त्यांनी तिच्या कराराच्या कागदावर एक ओळ लिहिली, 'या पदाची गरज तपासून पाहावी', आणि ते घरी गेले.

मॅडमनी ती ओळ वाचली. "गप्प बस म्हटलं होतं ना मी?"

"हो."

"मला वाटलं, तुला कळलंय." त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, आपल्या कपात ओतलं, मग दुसरा कप शोधून त्यात अर्धं तिला दिलं. दोघी ते गरम पाणी प्यायल्या.

रस्त्याच्या वळणावर तिने मान वर केली नाही. जिना चढून गेल्यावर आईला सगळं एका दमात सांगून टाकलं, अगदी सल्लागारसाहेबांच्या ओळीपर्यंत. आई ऐकत राहिली. मशीनवर कोणाचातरी अर्धा गणवेश होता.

"म्हणजे आता जावं लागणार," आई म्हणाली.

"चिडलीस?"

"चिडून काय करू. त्या माणसाचं म्हणणं नीट लिहिलंस ना? त्याने सांगितलं तसंच?"

"तसंच."

"बरं केलंस." आईने गणवेशातल्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकल्या. शेवटची टाचणी टाकताना म्हणाली, "माझं मात्र कोणी लिहून घेतलं नाही." तक्रारीचा सूर नव्हता. पण छकुलीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी तक्ता उघडला तर पंपांचा अहवाल लालच होता. चौथा भाग तपासायला परत गेला होता. खाली तिच्यासाठी एक मेल होता. तिच्या कराराला हरकत आल्यामुळे तो न करण्याचं ठरत आहे, असं त्यात होतं, आणि त्याखाली तिचंच वाक्य. 'हरकत असल्यास शुक्रवारी पाचपर्यंत लेखी कळवावी. उत्तर न आल्यास आपली संमती आहे असं समजण्यात येईल.'

तिने ते दोनदा वाचलं. कळवून काही उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं. अंगात कळवण्याचं त्राणही नव्हतं. तरी तिने उत्तराची चौकट उघडली आणि लिहिलं, 'संमती नाही.' एवढंच.

ते गेल्यावर तिने फोन घेतला आणि दादाला मेसेज लिहायला बसली. लिहिताना बोटं सवयीने आपोआप चालली.

'आईची हरकत आहे. तोंडी सांगितली, मी नोंद करतेय. तिला यायचं नाही, मशीन विकायचं नाही. माझी नोकरी गेली तर मी दुसरी बघते. तुला काही म्हणायचं असेल तर शुक्रवारपर्यंत तिच्याशी बोल. तुझं उत्तर आलं नाही, तर तुझी संमती आहे असं समजण्यात येईल.'