हॅट ठेवलेली खुर्ची

मी एक जुना सिनेमा आहे, मित्रांनो. सहा डबे, सहा रिळं आणि अंगाला आंबट वास. हॉलिवूडमध्ये मला तयार केलं तेव्हा माझ्यात गाणीच गाणी होती. दोन गुराखी, त्यांचे घोडे आणि शेवटी लग्न लावायला एक मुलगी. पोस्टरवर मात्र घोडा आणि मुलगीच छापली. पाचव्या रिळात एक गुराखी स्टेशनवर दुसऱ्याच्या हाती आपली हॅट देतो आणि गातो, 'मी परत येईपर्यंत सांभाळ.' ते माझं सर्वांत सुंदर गाणं. पण त्याबद्दल कोणी चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोत, कॅस्ट्रो भागातल्या एका थिएटरात मी पडून राहिलो. शेजारच्या फळीवर ती होती. पिवळ्या पिसांचा झगा घालून जिना उतरणाऱ्या राणीची फिल्म. मी तिच्यावर जळतो, उगाच कशाला लपवू? आमच्या वस्तीत पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष मोठ्या संख्येने राहायचे. रविवारी दुपारी ते पिवळी पिसं लावून यायचे आणि राणीच्या आधी राणीची वाक्यं म्हणायचे, एकमेकांना थट्टेने 'अगं' म्हणायचे. माझ्यात तर दोन पुरुष एकमेकांसाठी गात होते, तरी माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

अगदी सुरुवातीला, वस्तीत अशी मोकळीक नव्हती तेव्हा, दोन तरुण माझ्या प्रत्येक खेळाला यायचे. मधली एक खुर्ची सोडून बसायचे आणि तिच्यावर आपल्या हॅट ठेवायचे. प्रोजेक्टरच्या झरोक्यातून मला तेवढंच दिसायचं. मला वाटायचं, माझे दोनच चाहते, त्यांचंही एकमेकांशी पटत नाही.

मग तीस वर्षं माझं झाकण उघडलं नाही. कोंडलेली फिल्म आंबते आणि तिचा आंबटपणा शेजारच्या फिल्मलाही लागतो. तो त्या राणीला लागावा, असं मला फार वाटायचं. पण ऑपरेटर ऑर्व्हिलला वास आला. सोमवारच्या कचरागाडीसाठी त्याने माझी रिळं टेबलावर काढून ठेवली.

रविवारी त्याच टेबलावर तिची रिळं आली. एका हातात सँडविच धरून ऑर्व्हिलने पाचवं रीळ चढवलं, ते तिचं नव्हे, माझं. राणी जिन्याच्या वरच्या पायरीवर आली आणि पडद्यावर एकदम रेल्वे स्टेशन उभं राहिलं.

"अगं बाई, राणी कुठं गेली?" पिसं लावलेला बर्नार्ड ओरडला.

"झगा इस्त्रीला टाकायला," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

ऑर्व्हिल मशीन बंद करायला धावला. तेवढ्यात पुढच्या रांगेतला म्हातारा डेस्मंड उठला. "राहू दे, ऑर्व्हिल. माझ्या लाइलचं गाणं आहे हे."

त्याचा जोडीदार लाइल गेल्या हिवाळ्यात वारला होता. ऑर्व्हिलने मशीन चालूच ठेवलं आणि माझं गाणं पहिल्यांदा भरल्या थिएटरात वाजलं.

"काय गं डेस्मंड, इतकी वर्षं हे आमच्यापासून लपवलंस?" बर्नार्डने डोळे पुसत विचारलं.

"लपवलं कुठे? तुम्हाला पिसं सावरण्यातून सवड नव्हती. आम्ही दोघं तरुणपणी इथंच बघायचो. तेव्हा हातात हात घेऊन शेजारी बसलो असतो तर लोकांनी पोलीस बोलावले असते. म्हणून मधे खुर्ची, खुर्चीवर हॅट आणि हॅटखाली आमचे हात."

मित्रांनो, मला माझीच लाज वाटली.

डेस्मंड धापा टाकत वर प्रोजेक्टरच्या खोलीत आला आणि कचऱ्यासाठी काढलेली माझी रिळं त्याने पाहिली. "हे टाकणार होतास?"

"आंबलंय ते, काका."

"मीही आंबलोय. मलाही टाक गाडीत."

आता मी वेगळ्या खोलीत राहतो. तिथे गारवा आहे आणि झाकणं सैल ठेवलेली असतात. अधूनमधून माझं पाचवं रीळ लावतात. ते संपलं की सगळे राणीच्या नावाने ओरडतात आणि मी पुन्हा जळतो. स्वभावाला औषध नाही. पण परवा डेस्मंड शेजारची खुर्ची सोडून बसला आणि तिच्यावर त्याने दोन हॅट ठेवल्या, एक आपली आणि एक लाइलची.

मित्रांनो, जुन्या डब्यांची झाकणं कधीमधी उघडत जा. आणि दोन माणसांच्या मधे हॅट ठेवलेली खुर्ची दिसली, तर माझ्यासारखं तिला रिकामी समजू नका.