साडेनऊ नावाची गिटार

रेकॉर्डिंग स्टुडिओत त्याला सगळे साडेनऊ म्हणत. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती, म्हणून. बाविसाव्या वर्षी तो खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता, तिथे पुठ्ठा कापायच्या यंत्राने ती नेली. नाव एका ड्रमवाल्याने ठेवलं, पण त्याने ते स्वतःच इतकं वापरलं की त्यात चिडवण्यासारखं काही उरलं नाही. फोनवर तो “साडेनऊ बोलतोय” म्हणायचा आणि नवखी माणसं घड्याळाकडे बघायची.

गिटार वाजवताना डावा हात तारा दाबतो आणि लांबच्या पडद्यापर्यंत, म्हणजे तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत, पोचायचं काम बहुतेक वेळा करंगळीकडे येतं. अपघातानंतर चार महिने त्याने गिटारीला हात लावला नाही. तेव्हा तो ताईकडे राहायचा. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय आणि हात घडवायची. एके दिवशी ती कामावरून येताना दोन कानशी आणि पॉलिश पेपर घेऊन आली, इस्त्रीच्या टेबलावर गिटार पालथी घातली आणि त्याला समोर बसवलं. गिटारवाले जिला नेक म्हणतात तिला ताई पहिल्यापासून मानच म्हणायची. डोळे मिटून धर, म्हणाली. कुठे अडतंय ते सांग. तो सांगेल तिथे ती पेन्सिलने खूण करायची आणि तेवढंच लाकूड कानशीने उतरवायची. हे तीन आठवडे चाललं. शेवटी मान वरच्या कडेला जाड आणि खालच्या कडेला पातळ अशी वाकडीतिकडी झाली, पण तिच्यावर त्याचा पंजा थोडा पुढे सरकायचा आणि तुटक्या करंगळीला तो लांबचा पडदा सापडायचा. मधे कधीतरी टेबलावर इस्त्री गरम राहिली होती, तिचा तपकिरी डाग गिटारीच्या अंगावर कायमचा उमटला.

पुढची सव्वीस वर्षं त्याने ती गिटार दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवली. त्याचा वाजवण्याचा ढंग लोकांच्या कानात बसला होता, पण तो कुणाचा हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. मग एका गाण्यातला त्याचा तुकडा गाण्यापेक्षा जास्त गाजला आणि त्याची पहिली मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, “नेक तुम्ही स्वतःच कोरलीत म्हणे?” तो हो म्हणाला. खरं सांगायला वेळ लागला असता, आणि प्रश्नातच उत्तर तयार होतं. पुढच्या मुलाखतीत त्याला तेच विचारलं गेलं आणि त्याने तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी तर त्याने कानशीचा आकारही सांगितला. अशी बारा वर्षं गेली.

त्यानंतर गिटारी बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस त्याच्याकडे आला. नीटनेटका, मऊ बोलणारा, पायात न मळलेले बूट. कंपनीला त्याच्या नावाचं सिग्नेचर मॉडेल काढायचं होतं आणि मॉडेलचं नावही ठरलं होतं, साडेनऊ. त्या माणसाने दोन दिवस गिटारीची मापं घेतली. प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला. इस्त्रीच्या डागापाशी तो बराच वेळ थांबला आणि हा कुठल्या मैफलीतला, असं त्याने विचारलं. साडेनऊ म्हणाला, इस्त्रीचा आहे. कंपनीच्या माणसाने ते लिहून घेतलं नाही. नेक कुणी कोरली हे मात्र त्याने विचारलं आणि उत्तर लिहून घेतलं.

चार महिन्यांनी नमुने आले. पहिल्याची मान हुबेहूब जुनीसारखी होती. तो नमुना कंपनीने दहा वादकांच्या हातात दिला होता आणि आठ जणांचं मनगट भरून आलं होतं. म्हणून दुसरा नमुना. त्याचा रंग, आवाज, ओरखडे सगळं त्याच्या गिटारीचं, इस्त्रीचा डागसुद्धा ठिकठिकाणी फिकट करून छापलेला, टोकाला त्याची सही. मान फक्त इतर सगळ्या गिटारींसारखी. कंपनीचा माणूस म्हणाला, लोकांना दहा बोटं असतात, सर. करारात एक कलम होतं की दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रमात तो हेच मॉडेल वाजवील. त्याने ते वाचलं आणि सही केली. दुकानाच्या काचेमागे आपलं नाव टांगलेलं त्याला बघायचं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावामागे बसलेल्या माणसाला तेवढं वाटणारच.

नव्या मॉडेलसाठी कंपनीने ठेवलेला पहिला कार्यक्रम पाच आठवड्यांवर होता. सरावाला बसल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की स्वतःच्या नावाची गिटार त्याला वाजवता येत नाही. करंगळी पडद्याच्या अलीकडेच संपायची. त्याने अंगठा वर घेऊन पाहिला, खाली घेऊन पाहिला, पट्टा लांब केला, आखूड केला. चौथ्या दिवशी मनगट सुजलं. पाचव्या दिवशी तो दोन्ही गिटारी घेऊन ताईच्या कारखान्यात गेला.

ताई तोवर तिथली मुख्य कारागीर झाली होती. उजव्या अंगठ्याचा सांधा झिजल्यामुळे ती स्वतः फार कमी घडवायची, इतरांचं काम बघायची आणि बोटाने चाचपून दोष काढायची. तिने नव्या गिटारीची मान चाचपली, जुनीची चाचपली आणि दोन्ही बाजूला ठेवल्या. जुनीसारखी करून दे, एवढंच तो म्हणाला. ताईने चष्मा काढून पुसला.

“मी नाही करणार,” ती म्हणाली.

अंगठ्यामुळे का, असं त्याने विचारलं. अंगठ्याचंही आहे, पण अंगठ्यामुळे नाही, असं ती म्हणाली. मग तिने सांगितलं की पहिली मुलाखत तिने वाचली होती. दुसरीही. कारखान्यातल्या एका बाईने तिसरी आणून दाखवली होती आणि तुमच्या भावाच्या हातात कला आहे हो, असं म्हणाली होती, तेव्हा ताईने मान डोलावली होती. हे सगळं ती ज्या आवाजात लाकूड ओलं आहे की सुकं ते सांगायची त्याच आवाजात सांगत होती. तू मला कधी बोलली नाहीस, असं साडेनऊ म्हणाला.

“तू कधी विचारलंस?” ताई म्हणाली. “बारा वर्षं सांगतोयस ना की तू कोरलीस? मग कोर. मी इथे बसते.”

ती रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने कानस घेतली.

लाकूडकामाचा त्याला गंधही नव्हता. पहिल्या मानेवर त्याने सहा दिवस काम केलं. ताईने एकदाही कानस हातात घेतली नाही. फक्त “सावकाश” म्हणायची, आणि दुपारी खुर्च्यांच्या कामाला उठून जायची. सातव्या दिवशी ती उठून गेलेली असताना कानस कशाला तरी कचकन लागली. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून. तो लाकूड उतरवत थेट सळईपर्यंत पोचला होता. ताईने परत येऊन भोकात नख घालून पाहिलं आणि मान जळणाच्या ढिगात टाकली. असं माझंही झालंय, म्हणाली. एका खुर्चीचा पाय तिने एकदा पेन्सिलीएवढा केला होता आणि मालकाने तो आठवडाभर सगळ्यांना दाखवला होता. कारखान्यात कानस हातात घेतल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

दुसरी मान मागायची म्हणजे कंपनीच्या माणसाला सांगणं आलं. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की दोन सुट्या माना पाठवतो, चार स्क्रूंनी बसतात, फक्त हे आपल्या दोघांतच राहू दे. लांबून बघणाऱ्याला फरक कळणार नाही.

नवी मान आल्यावर साडेनऊने जुनी गिटार समोर ठेवली, पुठ्ठ्याचे तुकडे कापून तिच्या आकाराचे साचे केले आणि ते जुळवत जुळवत कानस चालवायला लागला. ताई दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने जुनी गिटार उचलून पेटीत घातली, साचे फाडले आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं.

“हात दाखव. धर. आता कुठे अडतंय?”

जिथे अडत होतं ती जागा जुन्या मानेत कधीच कोरलेली नव्हती. ताईने त्याचा पंजा उलटासुलटा करून पाहिला. पेरं जाड झाली होती, अंगठा पूर्वीइतका मागे वळत नव्हता. म्हणाली, हा हात त्या पोराचा राहिला नाही, त्याच्या मापाचा कपडा अजून कशाला घालतोस? साडेनऊला आठवलं की गेली काही वर्षं जुन्या गिटारीवरही लांबचे सूर तो टाळत होता, आणि हे त्याने कुणाला, स्वतःलाही, सांगितलं नव्हतं. ताईने पेन्सिल उचलून पहिली खूण केली. बाकीच्या त्याने केल्या.

दुसऱ्या मानेला बारा दिवस लागले. ती जुनीसारखी झाली नाही. वाकडी होती, पण वेगळ्या जागी, आणि मागच्या बाजूला कानशीचे दोन ओरखडे राहिले ते पॉलिश पेपरने कितीही घासले तरी गेले नाहीत. तारा चढवून त्याने तो लांबचा सूर लावला. लागला. पुन्हा लावला. ताई तेव्हा कुणाला तरी खुर्चीच्या पाठीचा कोन समजावत होती. तिने वळून पाहिलं आणि समजावणं पुढे चालू ठेवलं.

कार्यक्रमाला ती आली नाही. खुर्च्यांची मोठी ऑर्डर निघायची होती. सभागृह भरलं होतं, मंचावर कडेला बारा नव्या गिटारी ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर तोच डाग. त्याने चार गाणी वाजवली, बरी वाजवली. मग प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली. ती शाळेत संगीत शिकवायची आणि आदल्या आठवड्यात तिने साडेनऊ मॉडेल घेतलं होतं. तिच्या एका बोटाचा सांधा लहानपणापासून आखडलेला होता, म्हणूनच घेतलं होतं. पण ते हातात बसत नाही, आणि इथून बघता तुमच्या गिटारीची मान वेगळी दिसते, असं ती म्हणाली. चूक माझीच असेल, असंही म्हणाली.

कंपनीचा माणूस मंचाच्या बाजूच्या पडद्याशी उभा होता. त्याने हसून मान हलवली, म्हणजे काहीतरी सांगून टाका.

“वेगळीच आहे,” साडेनऊ म्हणाला. “तुमची सगळ्यांसाठी केलेली आहे. ही मी माझ्यासाठी कोरली, गेल्याच आठवड्यात संपली. आणि जुनी मी कोरलेली नव्हती. ती माझ्या मोठ्या बहिणीने कोरली. मी बारा वर्षं उलटं सांगत आलो.”

सभागृहात थोडी कुजबुज झाली, आणि मग पुढचा प्रश्न तारा कुठल्या वापरता हा आला. त्याला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. कार्यक्रमानंतर कंपनीचा माणूस त्याच्याशी सभ्यपणे बोलला आणि निघून गेला. आठ दिवसांनी पत्र आलं. करार दोन वर्षं चालेल, पुढे वाढणार नाही, आणि माहितीपत्रकातली नेकबद्दलची ओळ काढली आहे. तिच्या जागी दुसरी ओळ, बहिणीची, त्यांनी घातली नाही. मॉडेल बऱ्यापैकी खपलं. ज्यांना दहा बोटं होती ते त्यावर खूश होते.

शाळेतल्या त्या बाईला साडेनऊने कारखान्याचा पत्ता दिला होता. ती आली तेव्हा ताई वैतागली, हा खुर्च्यांचा कारखाना आहे म्हणाली, आणि मग तिला खिडकीशी बसवून तिचं आखडलेलं बोट किती वळतं ते बघायला लागली. त्या बाईनंतर एक संधिवाताचा निवृत्त टपालवाला आला. नंतर एक मुलगी, तिचा पंजाच मुळात लहान होता. ताईने मालकाला विचारून आठवड्यातल्या दोन दुपारी त्यांना दिल्या. कुणासाठीही तिने कानस धरली नाही. ज्याची गिटार त्यानेच घासायची, ती फक्त खुणा करायची, आणि सळई कुठे आहे ते आधी दाखवायची. त्या दुपारी साडेनऊ कधी रिकामा असला तर तोही येऊन तारा काढायला नि चढवायला बसे.

दीड वर्षाने त्याचा एक छोटा कार्यक्रम ताईच्या घराजवळच्या वाचनालयात झाला आणि ती पहिल्यांदाच त्याला मंचावर ऐकायला आली. तिसऱ्या रांगेत कडेला बसली, पर्स मांडीवर धरून. संपल्यावर दोघं चालत तिच्या घराकडे निघाली. बराच वेळ ती खुर्च्यांबद्दलच बोलत होती, वाचनालयातल्या खुर्च्यांचे सांधे सगळे ढिले आहेत म्हणून. त्याने विचारलं, वाजवणं कसं झालं? ताई थोडा विचार करून म्हणाली की तिसऱ्या गाण्यात तुझा अंगठा अजून एका जागी अडखळतो, उद्या दुपारी ये, बघू. तो म्हणाला, उद्या नाही जमणार, परवा येतो. बरं, ती म्हणाली, आणि दोघं रस्ता ओलांडायला थांबली.